नऊ वॅट

भाऊजींनी ऑफिसातला सर्व्हर देऊ केला, फुकट.
दोन माणसांनी तो उचलून आणला
इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर,
आणि बटण दाबताच असा घोंघावला
की खालच्या गायधनीबाई विचारायला आल्या,
पिठाची गिरणी टाकलीत का?

मी प्लगमध्ये मीटर अडकवला.
एकशे बारा वॅट.
काम काही नाही, नुसतं बसून.

दत्तूकाका चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
बैल फुकट, पण कडबा कोण घालणार?

एक वॅट वर्षभर चालला की पावणेनऊ युनिट.
हा पाढा सातपूरच्या कारखान्यातला.
अठरा वर्षं मी ट्रान्सफॉर्मरचा तोटा मोजला,
रिकामा असला तरी तो खातोच,
बिलात मात्र ते वेगळं कुणी लिहीत नाही.
एकशे बारा गुणिले पावणेनऊ,
हजाराला वीस कमी.
बैल परत गेला.

मग महिनाभर कागदावर आकडे.
तळहाताएवढा बोर्ड: तीन वॅट, गोजिरवाणा,
पण डिस्क बाहेर वायरीला लोंबकळणार
आणि ती वायर काकांच्या पायात येणार.
दोन खणांचा तयार डबा: किंमत ऐकून मी पाणी प्यायले.
शेवटी एमजी रोडवर, जिना चढून,
शकील मणियारांनी फळीवरून एक काळी वस्तू काढली,
धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.
पंखाच नाही त्याला.
बँकेच्या काउंटरखाली सहा वर्षं होता, ताई,
एकदा ओरडला नाही.

डिस्क जाग्या असल्या की सतरा,
झोपल्या की नऊ.
मी मीटरकडे बराच वेळ बघत राहिले,
बाळाचा ताप उतरल्यावर बघतात तसं.

यात सिनेमे नाहीत. नावं आहेत.
लाल कापडातल्या सत्तावीस वह्या, मोडीतल्या,
कुठल्या गावचं कोण, कुणाच्या अस्थी घेऊन
कुठल्या साली रामकुंडावर आलं,
कुणी सही केली, कुणी अंगठा.
तीन हिवाळे काकांनी पानं उलटली
आणि मी फोटो काढले,
कसरीच्या भोकांसकट.

दोन डिस्कवर तेच ते कशाला, काकांनी विचारलं.
एक गेली तर.
ते काही बोलले नाहीत.
बाबांच्या वाटणीच्या सोळा वह्या
गोदेला पूर आला तेव्हा तळघरात होत्या.

परवा वसमतकडचे एक मास्तर आले,
आडनाव चापके, पणजोबांचं नाव माहीत नाही,
एवढंच ठाऊक की ते बैलगाडीने आले होते.
मी गावाचं नाव टाइप केलं.
आत टक् झालं,
डिस्क अंग मोडून उठायला लागली.
अकरा सेकंद लागतात तिला.

वही एकोणीस, मागून चौथं पान, काका म्हणाले.
तिसऱ्या सेकंदाला.

पान पडद्यावर आलं.
मास्तर आधी वाचायला गेले, मोडी येईना,
मग त्यांनी स्क्रीनवरच्या अंगठ्याच्या ठशावर
स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.
काच आहे, मी म्हणणार होते. नाही म्हटलं.

काकांनी खरी वही काढली,
खालच्या कोऱ्या जागेत बोट ठेवलं,
इथे लिहा, मुलांची नावं पण. मुलींची पण लिहा.

म्हणजे डब्यातलं पान जुनं झालं.
रविवारी पुन्हा फोटो.

वीस मिनिटांनी डिस्क थंडावल्या,
मीटरवर सतरा, सतरा, मग नऊ.
चहाचे कप तसेच होते.
काका वहीवर वाकून समासात
मास्तरांचा मोबाइल नंबर उतरवत होते,
पेन्सिलीने,
कारण नंबर बदलतात.